सुपरकारचा अपघात: दोष कंपनीचा की चालवणाऱ्याचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गाड्यांच्या इन्शुरन्स सर्व्हेचं काम करतो. म्हणजे अपघात झालेली गाडी गॅरेजला किंवा पोलीस स्टेशनच्या आवारात जाऊन बघायची, फोटो काढायचे, काय तुटलं, कसं तुटलं ते लिहायचं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शे टायकनने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, दोघंही गेले, आणि त्यानंतर नातेवाईक, मित्र, सोसायटीतली मंडळी सगळ्यांनी मला तेच तेच विचारलं, की एवढी गाडी बनवणाऱ्या कंपनीवर केस का होत नाही, आणि दुसऱ्या बाजूने, प्रत्येक वेळी बिचाऱ्या ड्रायव्हरलाच का धरतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून जे माहितीये ते एकदाच नीट लिहून ठेवतोय.

एवढी ताकदवान गाडी रस्त्यावर विकणं हाच कंपनीचा दोष नाही का?

कायद्याने नाही. गाडी जोरात पळते हा डिफेक्ट धरला जात नाही, भारतातही नाही, अमेरिकेतही नाही. गाडी पळणारच होती, घेणाऱ्याला ते माहीत होतं, तो त्यासाठीच पैसे मोजत होता. गाडीने जे काम करायला हवं होतं ते तिने केलं नाही, हे दाखवता आलं तर दोष. ब्रेक लागायला हवा होता, लागला नाही. पट्ट्याने धरायला हवं होतं, धरलं नाही. टाकी फुटायला नको होती, फुटली.

पण एक गोष्ट मात्र आहे. माणूस चुकतो हे कंपनीला आधीच माहीत असतं, आणि चुकणाऱ्या माणसाला सांभाळून घेईल अशी गाडी बनवणं हे तिचं काम आहे. अमेरिकेत १९६८ साली जनरल मोटर्सविरुद्धच्या लार्सन केसमध्ये अपील कोर्टाने हेच मान्य केलं, की धडक कोणामुळेही होवो, धडकेनंतर आतला माणूस गाडीच्या रचनेमुळे जास्त जखमी झाला असेल तर तेवढ्या जास्तीच्या इजेला कंपनी जबाबदार. अपघात कोणी केला आणि इजा कशाने वाढली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक लोक ते एकत्र करूनच भांडतात.

मग कंपनी नेमकी कधी अडकते?

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूच्या जबाबदारीचं, अख्खं प्रकरण आहे, जुलै २०२० पासून लागू. त्यातलं कलम ८४ बघा. बनवताना चूक झाली असेल, डिझाइनच चुकीचं असेल, ठरलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे गाडी नसेल, स्पष्ट हमी दिली ती पाळली नसेल, किंवा धोक्याची नीट सूचना दिली नसेल, तर कंपनी जबाबदार.

उदाहरणं घ्या. २०१४ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ च्या जगभरातल्या ७८५ गाड्या थांबवायला सांगितल्या, कारण कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होऊन इंजिन फुटत होतं आणि आग लागत होती, शेवटी सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. २०१० मध्ये फेरारीने ४५८ इटालियाच्या १२०० पेक्षा जास्त गाड्या परत बोलावल्या, मागच्या चाकाच्या कमानीतलं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलं होतं तो गरम होऊन पेटत होता. अशा ठिकाणी ड्रायव्हर कितीही हळू चालवत असला तरी आग लागू शकते, दोष त्याचा नाही. कोट्यवधीच्या गाडीत एका गोंदाने आग लागते, त्यामुळे महागडी गाडी म्हणजे निर्दोष गाडी असं मी कधीच धरत नाही.

हॉलिवूडचा नट पॉल वॉकर याच्या अपघातात पोर्शेला दोषी धरलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर बहुतेकांना अर्धंच माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर.

३० नोव्हेंबर २०१३, कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा. गाडी पोर्शे कॅरेरा जीटी, चालवत होते रॉजर रोडास, शेजारी पॉल वॉकर, दोघंही गेले. ही गाडी साधी नाही, ५.७ लिटरचं व्ही१० इंजिन, सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, रेसिंगच्या प्रोजेक्टमधून आलेलं इंजिन, जगात एकूण १२७० च बनल्या. आणि त्यात इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी जी सिस्टीम आज दहा-बारा लाखांच्या गाडीतही मिळते, ती या गाडीत कंपनीने दिलीच नव्हती.

तपास करणाऱ्यांनी मार्च २०१४ मध्ये सांगितलं की वेग ताशी ८० ते ९३ मैल होता, म्हणजे साधारण १३० ते १५०, आणि त्या रस्त्याची मर्यादा ४५ मैल, म्हणजे ७२ च्या आसपास. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. टायर मात्र नऊ वर्षं जुने होते.

मग केसेस झाल्या. रोडास यांच्या पत्नीने पोर्शेवर दावा लावला की सस्पेन्शन तुटलं, गाडीत क्रॅश केज, म्हणजे धडकेत आतल्या माणसाला वाचवणारा पिंजरा, नव्हता, रेसिंगसारखी सुरक्षित इंधनटाकी नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये फेडरल जज फिलिप गुटिएरेझ यांनी तो दावा ट्रायलआधीच काढून टाकला, पुरेसा पुरावा नाही म्हणून. लोक इथे थांबतात आणि म्हणतात पोर्शे सुटली. पण वॉकरच्या मुलीचा, मेडोचा, वेगळा दावा होता, त्यात स्टॅबिलिटी कंट्रोल नसणं आणि सीटबेल्टची रचना हे मुद्दे होते, त्यावर कंपनीचं म्हणणं होतं की गाडीत बदल केलेले होते, देखभाल नीट नव्हती, आणि वॉकरला धोका माहीत होता. ही केस २०१७ मध्ये आपसात मिटली, रक्कम बाहेर आली नाही. रोडास यांच्या इस्टेटीकडून मेडोला आधीच १ कोटी डॉलरच्या वर मिळाले होते. म्हणजे कोर्टाने पोर्शेला दोषी धरलं नाही हे खरं, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल नसणं हा दोष आहे की नाही यावर ज्युरीने कधी निकालच दिला नाही हेही तितकंच खरं.

माझं मत विचाराल तर वेग आणि टायर ही पहिली कारणं. पण सहाशे घोड्यांच्या गाडीत ही सिस्टीम न देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

कॅरेरा जीटीवर वॉकरच्या अपघाताआधी केस झाली होती का?

झाली होती. २००५ मध्ये कॅलिफोर्निया स्पीडवेला, म्हणजे चक्क रेसट्रॅकवर, फेरारी ओनर्स क्लबच्या ट्रॅक डे ला, म्हणजे हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, बेन कीटन यांची कॅरेरा जीटी भिंतीवर आदळली, समोर एक फेरारी हळू वेगात ट्रॅकवर आली होती, तिला चुकवताना गाडी हाताबाहेर गेली. कीटन आणि शेजारी बसलेले कोरी रुडल दोघंही गेले. रुडल यांच्या पत्नीने सगळ्यांवर दावा लावला आणि २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरला मिटलं. त्यात वाटणी अशी झाली: ४९ टक्के कीटन यांची इस्टेट, ४१ टक्के ट्रॅक आणि आयोजक, ८ टक्के पोर्शे, २ टक्के त्या फेरारीचा ड्रायव्हर.

मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. निम्मं चालवणाऱ्याचं. पण जवळजवळ तेवढंच ज्यांनी ट्रॅकवर गाड्या सोडण्याची व्यवस्था नीट ठेवली नाही त्यांचं. आपल्याकडे आता रेसट्रॅकवर हौशी लोकांचे ट्रॅक डे व्हायला लागलेत, कोईम्बतूरला, चेन्नईजवळ, दिल्लीकडे, आपली पोरं पुण्यातून गाड्या घेऊन जातात, एक कागद पुढे येतो आणि सगळे न वाचता सही करतात. वाचा तो. इन्शुरन्स पॉलिसीही वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला साध्या पॉलिसीत कव्हर नसतं.

हे टक्के कोण ठरवतं? एकाच अपघातात दोघंही दोषी असू शकतात?

असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. अमेरिकेत ज्युरी टक्के लावते. फ्लोरिडातल्या दोन केसेस सांगतो, दोन्ही टेस्लाच्या.

पहिली २०१८ ची. फोर्ट लॉडरडेलला १८ वर्षांच्या मुलाने मॉडेल एस ताशी ११६ मैलांवर, म्हणजे १८५ च्या वर, वळणावर नेली, भिंतीला धडक, आग, तो आणि शेजारचा मित्र दोघं गेले. मुलाला आधी ११२ मैलांवर पकडलं होतं म्हणून आईवडिलांनी गाडीला ८५ मैलांचा लिमिटर बसवून घेतला होता. मुलगा सर्व्हिस सेंटरला गेला आणि त्याच्या सांगण्यावरून तो लिमिटर काढून टाकला गेला, आईवडिलांना न विचारता! २०२२ मध्ये ज्युरीने ठरवलं: मुलगा ९० टक्के, वडील ९ टक्के, टेस्ला १ टक्का. नुकसान १ कोटी ५ लाख डॉलर धरलं होतं, टेस्लाच्या वाट्याला १ लाख ५ हजार आले.

दुसरी २०१९ ची, 'की लार्गो' नावाच्या गावातली. ऑटोपायलट, म्हणजे गाडी बऱ्यापैकी स्वतः चालवणारी सिस्टीम, चालू, ड्रायव्हरचा फोन खाली पडला, तो उचलायला वाकला, पाय ॲक्सिलरेटरवर होता, रस्ता संपला, स्टॉप साइन ओलांडून गाडी थेट उभ्या एसयूव्हीवर आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या जोडप्यावर. २२ वर्षांची मुलगी गेली, तिचा मित्र गंभीर जखमी झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने ड्रायव्हरला ६७ टक्के आणि टेस्लाला ३३ टक्के जबाबदार धरलं, आणि वर टेस्लाला दंड म्हणून २० कोटी डॉलर लावले, मिळून २४ कोटी डॉलरच्या वर. कंपनीने त्याविरुद्ध लढायचं ठरवलं.

दोन्हीत ड्रायव्हरचीच चूक मोठी होती. मग एकीकडे १ आणि दुसरीकडे ३३ का? मला समजतं ते असं, पहिल्या केसमध्ये गाडी कोणाला काही आश्वासन देत नव्हती, पोराने सांगितलं पळ आणि ती पळाली. दुसऱ्या केसमध्ये कंपनी वर्षानुवर्षं लोकांना सांगत होती की गाडी स्वतः सांभाळते, आणि लक्ष नसलेल्या माणसाला थांबवायला पुरेशी सोय केली नव्हती असा दावा होता, तो ज्युरीला पटला. कंपनी जितकं जास्त सांगते तितकी ती जास्त बांधली जाते. शोरूममधला सेल्समन काय बोलतो, ब्रोशरमध्ये काय छापलंय, ते म्हणूनच जपून ठेवावं.

"गाडी आपोआप पळाली, ब्रेक लागलाच नाही" हे खरं असतं का?

माझ्या कामात हे वाक्य दर महिन्याला ऐकतो. शंभरातल्या नव्वद वेळा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, आणि माणूस खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून वाटत असतं की आपण ब्रेकच दाबत होतो. घाबरलं की पाय आणखी जोरात दाबला जातो.

ऑडी ५००० चं हेच झालं. १९८६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर या गाडीबद्दल कार्यक्रम झाला, की ती आपोआप सुटते, आणि ऑडीचा धंदा तिकडे बसला. १९८९ मध्ये सरकारी तपासात निघालं की बहुतेक ठिकाणी चुकीचं पेडल दाबलं गेलं होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमधून निघत नाही ना आज? ती सोय या गोंधळानंतर सगळीकडे आली. पाय माणसाचा चुकला होता, पण डिझाइन बदलून ती चूक अडवता आली.

आणि उलटही होतं. टोयोटाने २००९ पासून मॅट पेडलमध्ये अडकण्यामुळे आणि चिकट पेडलमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या, नासाने इलेक्ट्रॉनिक्स तपासलं तेव्हा त्यात कारण सापडलं नाही, पण २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने एका कॅमरीच्या अपघातात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, सॉफ्टवेअरची तज्ज्ञांनी केलेली चिरफाड ऐकून कंपनीविरुद्ध ३० लाख डॉलरचा निकाल दिला. २०१४ मध्ये टोयोटाने लोकांपासून माहिती लपवल्याबद्दल अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरले. म्हणून मी कोणालाही तोंडावर "तुमचाच पाय चुकला" म्हणत नाही. आधी मॅट बघतो, पेडल बघतो, रिकॉल बघतो, म्हणजे कंपनीने ती गाडी दुरुस्तीला परत बोलावलीय का ते, मग डेटा.

भारतात कोणी कंपनीविरुद्ध जिंकलंय का?

हो. गाडी सुपरकार नाही, ह्युंदाई क्रेटा आहे, पण निकाल सगळ्यांना लागू पडतो. २०१५ मध्ये घेतलेली गाडी, नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत हायवेवर अपघात, पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत, डोकं, छाती, दात, जबर मार. कंपनीचं म्हणणं की धडकेचा जोर एअरबॅग उघडण्याइतका नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहकाच्या बाजूने निकाल कायम ठेवला, ३ लाख भरपाई आणि गाडी बदलून द्या. आणि म्हटलं की वेग आणि बलाची गणितं मांडायला ग्राहक काही फिजिक्सचा तज्ज्ञ नाही, एअरबॅग आहेत म्हणून गाडी घेतली तर गरजेच्या वेळी त्या उघडतील हे तो धरूनच चालणार.

मला हा निकाल वाचून खरंच बरं वाटलं होतं. गाडी घेताना सहा एअरबॅग म्हणून पैसे घ्यायचे आणि उघडल्या नाहीत की समोरच्याला फिजिक्स शिकवायचं, असं चालणार नाही.

महागड्या गाडीवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. ग्राहक आयोगात कुठे जायचं हे मोजलेल्या किमतीवर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर थेट राष्ट्रीय आयोग. आणि मुदत २ वर्षं.

ड्रायव्हर प्यायलेला असेल किंवा लायसन्सच नसेल तर?

मग कंपनीकडे बोट दाखवणं जवळजवळ संपतं. त्याच २०१९ च्या कायद्यातलं कलम ८७ सांगतं की वस्तू चुकीची वापरली असेल किंवा तिच्यात बदल केले असतील तर विकणाऱ्यावर दावा चालत नाही, आणि वापरणारा दारूच्या अंमलाखाली असेल तर धोक्याची सूचना दिली नाही म्हणून कंपनीला धरता येत नाही. जो धोका उघड आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणूनही तिला धरता येत नाही.

मुलगा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ लागतं. पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे पालकाने सिद्ध करायचं असतं, पोलिसांनी नाही. कल्याणीनगरच्या गाडीचं तर पक्कं रजिस्ट्रेशनही झालेलं नव्हतं, १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. कोट्यवधीची गाडी, १,७५८ रुपये! नंबरप्लेट नसलेली गाडी रात्री घराबाहेर कशी पडते हा प्रश्न घरातल्या मोठ्यांना विचारायचा, जर्मनीतल्या इंजिनिअरला नाही.

फौजदारी बाजूला पूर्वी निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे भारतीय दंड संहितेचं ३०४अ, जास्तीत जास्त दोन वर्षं, आता भारतीय न्याय संहितेच्या १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत. पण दारू पिऊन बेफाम चालवलं तर सदोष मनुष्यवधही लागू शकतो, २००६ ला वांद्र्यात कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले त्या केसमध्ये २०१२ साली सुप्रीम कोर्टाने तेच कलम कायम केलं होतं.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिमॅप करून ताकद वाढवलीय, एक्झॉस्ट बदललाय. मग?

कंपनीविरुद्धची केस तिथेच कच्ची होते. असे बदल, ज्यांना स्टेज वन, स्टेज टू म्हणतात, करून घेणारी पोरं माझ्या ओळखीची आहेत, चांगली पोरं आहेत, गाडीवर जीव आहे त्यांचा, पण इंजिनची ताकद वाढवतात आणि ब्रेक तेच ठेवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फरक पडेल असा बदल करताच येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. इन्शुरन्सला कळवलं नसेल तर तिकडेही क्लेम अडतो, आणि मग सर्व्हेअरला शिव्या पडतात.

टायरला एवढं महत्त्व का देता?

कारण गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढे चार तुकडे असतात, बाकी काही नसतं. सुपरकार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, नक्षी नवीकोरी दिसते, म्हणून टायर कोणी बदलत नाही, पण रबर उभ्या उभ्या कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१६ असेल तर २०१६ चा बत्तिसावा आठवडा. आत्ता खाली जाऊन बघा. समृद्धीवर भर उन्हात १२० ने तासन्‌तास निघणार असाल तर जाण्याआधी नक्की बघा आणि हवा थंड टायरला मोजा.

टायर कंपनीचा दोष असेल तर तिच्यावर दावा होतो, पण मुदत उलटलेला टायर मालकाच्या खात्यात जातो.

रस्त्याचा दोष असेल तर?

सायरस मिस्त्री यांचा अपघात आठवा, ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल, मर्सिडीज जीएलसी. कंपनीने गाडीचा डेटा काढून पोलिसांना दिला, की धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक लागला, तेव्हा वेग १०० होता आणि आदळली तेव्हा ८९. पुढे बसलेले दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले, त्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. पोलिसांनी चालवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला. पण त्याच वेळी तज्ज्ञांनी हेही दाखवलं की तिथे रस्ता एकदम अरुंद होतो आणि पुलाचा कठडा पुढे आलेला होता. म्हणजे एका अपघातात चालवणारा, बसणारा आणि रस्ता बांधणारा असे तिघं आले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत रस्त्याचं डिझाइन आणि देखभाल यात कसूर करणाऱ्यांसाठी १९८अ कलम आलंय, दंड फक्त १ लाखापर्यंत आहे, मला तो फारच कमी वाटतो.

कंपन्या टॉप स्पीडला कुलूप का लावत नाहीत?

काही लावतात. जर्मन कंपन्या बऱ्याच गाड्या २५० वर अडवतात, तो त्यांच्यातला आपसातला समझोता आहे, पण पोर्शे त्यात कधी बसली नाही, आणि बाकीच्यांकडेही जास्त पैसे भरले की मर्यादा वाढवून मिळते. आपल्याकडे जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांमध्ये ८० ला बीप वाजतो आणि १२० च्या वर वाजतच राहतो, तेवढंच. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला त्या त्या रस्त्याची मर्यादा ओळखून ड्रायव्हरला सावध करणारी सिस्टीम बंधनकारक आहे, ती बंद करता येते. माझं म्हणणं एवढंच आहे की चावीनुसार वेग ठरवण्याची सोय आज तंत्रज्ञान म्हणून अवघड नाही, तरुण मुलं घरात असलेल्या माणसाला ती गाडी विकताना दाखवून, समजावून द्यायला हवी. टेस्लाने फ्लोरिडाच्या त्या मुलाच्या अपघातानंतर महिनाभरात पिनवर चालणारा स्पीड लिमिट मोड सॉफ्टवेअर अपडेटने सगळ्यांना दिला. महिनाभरात होऊ शकतं, तर आधी का नाही?

मी गाडीत नव्हतोच, मला येऊन उडवलं. मी कोणाच्या मागे लागू?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि खरं तर तो पहिला असायला हवा. सरळ रस्ता म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, मोटार वाहन कायद्याचं कलम १६६. दावा अपघातापासून ६ महिन्यांत लावायचा असं कायद्यात आता आहे, त्यामुळे दुखवट्यातही एखाद्या जाणत्या माणसाने हे अंगावर घ्यायला हवं. थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये मृत्यू आणि जखमेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. ड्रायव्हर विनालायसन्स किंवा प्यायलेला असला तरी कोर्ट बऱ्याचदा इन्शुरन्स कंपनीला सांगतं की आधी पीडितांना पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. चूक कोणाची याच्यात न शिरता ठरावीक रक्कम हवी असेल तर कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमेला अडीच लाख.

आणि टक्क्यांची काळजी तुम्ही करू नका. दोन-तीन जणांच्या चुकीने बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर तो कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. आपसात वाटणी त्यांनी करायची.

चालवणाराच गेला तर त्याच्या घरच्यांना भरपाई?

स्वतःच्याच बेफाम चालवण्याने गेला असेल तर थर्ड पार्टीतून नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका कुटुंबाला नकार दिला. पॉलिसीतला मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर बघा, तो वेगळा असतो.

माझ्या गाडीवर रिकॉल आहे का हे कसं कळणार?

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाका. जुनी गाडी घेतली असेल तर नक्की टाका, कारण पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. आणि गाडी जुनी झाली म्हणजे रिकॉल संपले असं नसतं, २०२३ मध्ये पोर्शेने अमेरिकेतल्या ४८९ कॅरेरा जीटी मालकांना सांगितलं की सस्पेन्शनचे जॉइंट गंजून तडा जाऊ शकतो, गाडी चालवूच नका. जवळजवळ वीस वर्षं जुन्या गाड्या! आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. रिकॉल येऊनही गाडी नेली नाही आणि त्याच भागामुळे अपघात झाला, तर कंपनीचा वकील पहिलं तेच पत्र कोर्टात ठेवेल.

गाडीत दोष होता असं मला खरंच वाटतंय. पहिल्या आठवड्यात काय करू?

गाडी हलवू देऊ नका, विकू देऊ नका. माझ्या इतक्या वर्षांत चांगल्या केसेस मेलेल्या पाहिल्यात त्या याच एका कारणाने. घरचे हॉस्पिटलमध्ये असतात, कोणीतरी फोन करतं, टोटल लॉस आहे, म्हणजे गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, सही करा, गाडी उचलतो, आणि सही होते. महिन्याभराने वकील विचारतो गाडी कुठंय, तर ती तुकडे होऊन गेलेली असते. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये शेवटच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, पट्टा लावला होता की नाही हे सगळं साठवलेलं असतं, ते युनिट गाडीबरोबर गेलं की गेलं.

म्हणून इन्शुरन्सला आणि गॅरेजला लेखी कळवा की गाडी तपासणी होईपर्यंत जशीच्या तशी ठेवा. पोलिसांकडे अर्ज द्या की डेटा काढताना आमच्या बाजूचा माणूस हजर असेल. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा रिपोर्ट, पंचनामा, दोन्हीच्या प्रती घ्या. कंपनीचे इंजिनिअर येतील, येऊ द्या, पण ते एकटेच डेटा काढून घेऊन जाणार नाहीत याकडे बघा. की लार्गोच्या केसमध्ये कंपनीचं म्हणणं होतं की तो डेटा सापडत नाही, शेवटी पीडितांच्या बाजूच्या तज्ज्ञाने अपघातातल्या गाडीच्याच कॉम्प्युटरमधून तो काढून दाखवला. इतकी वर्षं ती वस्तू कोणीतरी जपून ठेवली होती म्हणून.